दर आठवड्याचं सोंग

॥ श्री ॥
जुरोंग ईस्ट, सिंगापूर
ता. २ सप्टेंबर १९९५

चि. प्रबोध यास आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. कॉलेजच्या फुटबॉल संघात लागलास! तुझ्या आईने फोनवर तीनदा विचारून खात्री केली, कारण स्मिताला चांगली बातमी एकदम गिळता येत नाही, घशात अडकते. मी मात्र चपला घातल्या आणि तडक विनीताबाईंकडे. आपल्या ब्लॉकची लिफ्ट मेली सहाव्यावर नाहीतर अकराव्यावरच थांबणार आणि बाई राहतात आठव्यावर, म्हणजे तीन मजले जिना. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांची नात वल्लरी डॉक्टरीला लागल्यापासून त्यांच्या घरच्या चहालाही औषधाचा वास येतो. मी त्यांना सांगितलं, आमचा प्रबोध अमेरिकेत फुटबॉल खेळतो. बिब्बा चावल्यासारखं तोंड झालं बाईंचं. असं सुख मला दिलीपच्या लग्नातही झालं नव्हतं.

दिलीप अजून जहाजावर आहे, दिवाळीला येईल. तुझे बाबा जाताना काय म्हणाले ते विसरला नाहीस ना? तबला सोडलास, पोहणं सोडलंस, चित्रकलेचे रंग वाळून खडे झाले. आता हातात घेतलेलं चौथं काही सोडलंस, तर कॉलेज बंद आणि थेट जहाजावर, इंजिनरूममध्ये तेल पुसायला. तो बोलतो ते करतो. माझाच मुलगा आहे.

आणि पत्र मराठीत लिही. मी तिसरी शिकलेली बाई लिहिते, तू तर दादरच्या शाळेत चौथीपर्यंत गेलास. ते इथल्या पोरांसारखं ओके-ला, कॅन-ला मला नको. जेवतोस का पोटभर? तिथे मासे मिळतात का? समुद्र नाही म्हणे तुमच्या ओहायोत. समुद्र नाही तिथे माणसं राहतात तरी कशी!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी


ओहायो
१९ सप्टेंबर १९९५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. (वि. वि. म्हणजे काय ते विसरलो, पण आईने लिहायचंच असं सांगितलंय.)

तुझं पत्र मिळालं. खूप हसलो. माझ्या रूममेटला इंग्रजीत सांगितलं, तोही हसला, पण बिब्बा त्याला समजवता आला नाही.

आमचं कॉलेज छोटं आहे. संघात छत्तीसच मुलं. दुसऱ्या कॉलेजांकडे सत्तर-ऐंशी असतात. नऊ सामने आहेत, दर शनिवारी एक, मधे एक शनिवार सुट्टी. दोन झाले. पहिला ४१-० हरलो, दुसरा ५२-६. ते सहा आमचे आहेत. त्या सहांसाठी कोचने सगळ्यांना पिझ्झा दिला.

मी सर्वांत लहान आहे, अंगाने. सामन्यात मी बाकावर बसतो. हे विनीताआजींना सांगू नकोस. माझं काम सोमवार ते गुरुवार असतं. शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचा जो मुख्य खेळाडू, तो मी व्हायचं. त्याच्या नंबरचा शर्ट घालायचा, त्याच्यासारखं चेंडू काखेत घेऊन पळायचं (इथला फुटबॉल पायाने नाही, चेंडू हातात धरून खेळतात), म्हणजे आमच्या मुलांना त्याला पाडायची सवय होते. पाडणारे अकरा जण असतात. याला मराठीत काय म्हणतात? तू वेंगुर्ल्याच्या दशावताराचं सांगायचीस ना, एकच माणूस आज राजा, उद्या राक्षस. मी तसं सोंग करतो. कोचना माझं नाव उच्चारता येत नाही, त्यामुळे ते मला त्या आठवड्याच्या माणसाच्या नावानेच हाक मारतात. गुरुवारपर्यंत मलाही सवय होते, मी वळून बघतो.

सोबत फोटो पाठवतो. शर्टावरचा बावीस नंबर माझा नाही.

मान थोडी दुखते. बाकी मजेत. आईला सांग, जेवतो.

तुझा,
प्रबोध


॥ श्री ॥
जुरोंग ईस्ट
ता. ३ ऑक्टोबर १९९५, दसरा

चि. प्रबोध यास आशीर्वाद, आणि इथूनच सोनं.

फोटो मिळाला! केवढा दिसतोस! खांदे तर बघवत नाहीत. स्मिता म्हणाली, आतून उशा घातलेल्या असतात. मी म्हटलं, असू देत, उशा पेलायलाही अंग लागतं. आणि काखेत तो चेंडू बघून मला इतकं हसू आलं, अगदी असोला नारळ! आमच्या वाडीत नारळ काखेत मारून असाच एक जण पळायचा. त्याला पकडायला अकरा नाही, चौघे पुरायचे.

सोंगाचं वाचून मला काय वाटलं कसं सांगू! तुझे पणजोबा दशावतारात संकासूर करायचे, ठाऊक आहे? काळं तोंड, लाल जीभ, मार खायचा तो त्यांनीच. लोक राजाला विसरायचे, संकासुराला घरी बोलावून चहा द्यायचे. राक्षसाचं सोंग घ्यायला खरा नट लागतो. राजा काय, मुकुट घातला की झाला. तेव्हा बाकावर बसतो म्हणून तोंड पाडू नकोस. मी तरी कुणाला सांगितलेलं नाही. उलट थोडं वाढवूनच सांगितलं.

आता ऐक. आपल्या मंडळाचा दिवाळी अंक निघतोय, झेरॉक्सचा, पण जाड पुठ्ठ्याचा. त्यात तुझा फोटो! खाली लिहिलंय, अमेरिकेचं मैदान गाजवणारा आपला प्रबोध. मजकूर मी तोंडी सांगितला, मंडळाच्या प्रतापरावांनी लिहून घेतला. आणि नोव्हेंबरात बुकित तिमाहला, प्रतापरावांच्याच कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये, नाव काढणाऱ्या मुलांचा सत्कार आहे. तू तिथे, म्हणून शाल मी घेणार. वल्लरीची शाल विनीताबाई घेणार. शेजारी शेजारी खुर्च्या! मी आधीच स्मिताला सांगून ठेवलंय, मला जरीकाठी नेसायची आहे, तिने त्या दिवशी स्वयंपाकाचं निमित्त काढायचं नाही.

मानेला खोबरेल तेल कोमट करून लाव.

आठवण ठेवावी, वाढवावी.
तुझी आजी


ओहायो
१४ ऑक्टोबर १९९५

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तू एकटी वाच. मग बाबा आले की त्यांना सांग. आईला लगेच सांगू नकोस, ती घाबरेल.

पाच सामने झाले, पाचही हरलो. हरलो की पुढच्या आठवड्यात सराव जास्त कडक होतो. मुलं चिडलेली असतात आणि चिडायला समोर मीच असतो. गेल्या मंगळवारी तिघांनी एकदम पाडलं. उठलो तेव्हा कुठला वार ते आठवेना. कोणाचा शर्ट घातलाय तेही. सगळे हसले, मीही हसलो. बुधवारी पुन्हा.

तेव्हापासून मला एकाचे दोन दिसतात. सकाळी उलटी होते. पुस्तक उघडलं की ओळी चालायला लागतात. हे पत्र मी तीन दिवस लिहितोय. इथली नर्स म्हणाली की खेळणं लगेच थांबव. कोच म्हणतात, तुझं तू ठरव, पण तुझ्या जागी उभं राहायला दुसरं कोणी नाही, आणि मधेच जाणारा आपल्या मित्रांना सोडून जातो.

मला सोडायचं आहे. पण बाबा म्हणतील चौथं पण सोडलंस. मला कॉलेज सोडायचं नाही, आजी, मला इथे शिकायला आवडतं. तू त्यांना समजावून सांग. ते फक्त तुझं ऐकतात. त्यांनी एकदा फोनवर सोड म्हणावं, तेवढंच. मी रोज सोंग करतो, आजी, पण ते मारतात ते खरं असतं.

फोनवर मला हे नीट सांगता येत नाही. बाबांचा आवाज ऐकला की मी बरं म्हणतो.

तुझा,
प्रबोध


॥ श्री ॥
जुरोंग ईस्ट
ता. २७ ऑक्टोबर १९९५

चि. प्रबोध यास दिवाळीचे गोड आशीर्वाद.

दिवाळी अशी झाली की काय सांगू! चकल्या यंदा मऊ पडल्या, पण तो दोष स्मिताचा, तेल तापायच्या आधीच सोडल्या. दिलीप वीस तारखेला आला, दोन किलो वजन कमी करून. जहाजावरचा नवा खानसामा केरळचा, सगळ्यात कढीपत्ता घालतो म्हणे. अंक छापून आला. तुझा फोटो मधल्या पानावर आहे, वल्लरीचा मागच्या, भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीजवळ. विनीताबाई म्हणाल्या, जाहिरातीचं पान लोक जास्त बघतात. बिचाऱ्या.

तुझं पत्र मिळालं. एकटीनेच वाचलं, दोनदा. झिला, खेळ म्हटला की लागणारच. तुझे पणजोबा एकदा रंगमंचावरून खाली पडले, तसेच उठून पुढचा प्रवेश केला. डोक्याला माक्याचं तेल लाव. इथे लिट्ल इंडियात मिळतं, पाठवते.

तू सांगितलंस तसं मी दिलीपला सांगितलं. म्हणजे सांगायला घेतलं. तो फराळाला बसला होता, विचारलं त्याने, काय म्हणतात चिरंजीव. मी पत्र उघडलं. डोकं दुखतं, खेळ सोडावासा वाटतो, एवढं माझ्या शब्दांत सांगितलं. त्याच्या कपाळाला आठी. मग मी वाचलं, मी रोज सोंग करतो, आजी. तिथेच त्याने टेबलावर हात आपटला. म्हणाला, बघ, स्वतः कबूल करतोय, दुखण्याचं सोंग करतो, तबल्याच्या वेळीही बोटं दुखत होती याची. आता तू लिहिलेलं सोंग कुठलं आणि दिलीपला वाटलं ते कुठलं, हे मला कळलं होतं रे. मी दुरुस्त करणारच होते. पण तेवढ्यात बेल वाजली, प्रतापराव दारात, सत्काराची तारीख सांगायला. पाच नोव्हेंबर! पहिल्या रांगेत खुर्ची! मग म्हटलं, राहू दे. तू ऑक्टोबरात सोडलंस तर नोव्हेंबरात मी शाल कशाची घेऊ? पत्र घडी करून पोथीत ठेवलं. पुढच्या ओळी वाचल्या नाहीत.

दिलीपने तुला फोन केला, सोंगं पुरे कर आणि नऊच्या नऊ सामने संपव असं सांगितलं. तू नुसतं बरं म्हणालास. मला केवढा अभिमान वाटला. दुसरा कोणी असता तर रडला असता. आता दोनच शनिवार आहेत, उद्याचा धरून तीन. तीन शनिवार म्हणजे काय, माझ्या उपासात निघून जातात. नंतर पुन्हा त्या खेळाचं नाव काढू नकोस, मी स्वतः दिलीपला सांगेन, शपथ.

दिलीप एक तारखेला पुन्हा जहाजावर चालला.

रागावू नकोस, जीव लावतोस तसा लाव.
तुझी आजी


॥ श्री ॥
जुरोंग ईस्ट
ता. ७ नोव्हेंबर १९९५

चि. प्रबोध यास अनेक आशीर्वाद.

पत्र का नाही रे? मोठा माणूस झालास, आजीला विसरलास. माझं मागचं पत्र मिळालं की नाही तेही कळवलं नाहीस.

सत्कार झाला. शाल अबोली रंगाची, मऊ. प्रतापरावांनी तुझ्याबद्दल इतकं सांगितलं की मलाच नवीन वाटलं. विनीताबाईंना मिळाली ती शाल करडी. परतताना बसने शहरात आलो, तिथून एमआरटीच्या गाडीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि बाहेर बोगदा होता!

शनिवारी शेवटचा सामना ना? मी देवापुढे बसेन. स्मिता आजकाल सारखी फोनपाशी असते. कारण विचारलं तर म्हणते, प्रबोधचा आवाज जाड लागतो. मी म्हटलं, वयात आलेल्या मुलाचा आवाज जाडच लागणार.

दोन ओळी तरी पाठव, म्हातारीवर कृपा.
तुझी आजी


ओहायो
२८ नोव्हेंबर १९९५

ती. आईंस स्मिताचा सा. न. वि. वि.

मी घाईत निघाले, तुम्हाला धड सांगता आलं नाही. आता प्रबोधच्या खाटेशी बसून लिहिते.

शेवटच्या सामन्याला यांच्या संघाकडे धडधाकट मुलं उरली नव्हती, म्हणून त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. स्वतःच्या नंबरचा शर्ट घालून. चेंडू घेऊन तो अकरा यार्ड पळाला. पूर्ण मोसमात या संघाचं कोणी सलग तेवढं पळालं नव्हतं असं त्याचा रूममेट सांगतो. मग पाडलं. तो उठला, चालत बाकापर्यंत आला, बसला आणि बसल्या जागी खाली घसरला. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन करून काढलं. डॉक्टर म्हणतात की हा मार एका दिवसाचा नाही, आधीच्या मारावरचा मार आहे. ऑक्टोबरात थांबला असता तर बहुधा पूर्ण बरा झाला असता, असंही म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं. सामना ३५-३ हरले.

तो जगणार आहे. उजवा हात उचलत नाही. बोलतो, पण शब्दाशब्दाला थांबतो. वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. कॉलेजने त्याचं नाव या वर्षापुरतं काढलं आहे.

त्याच्या टेबलावर तुमची दोन पाकिटं होती, न फोडलेली. ऑक्टोबरअखेरीलाच त्याला वाचता येईनासं झालं होतं आणि इथे मराठी वाचून दाखवणारं कोणी नाही. डोकं दुखायचं थांबलं की वाचेन म्हणून ठेवली होती म्हणाला. काल त्याला जरा बरं वाटत होतं. आजीचं वाच, मजा येते, म्हणाला. मी वाचायला लागले. चकल्या माझ्यामुळे मऊ पडल्या तिथे तो हसला. जाहिरातीच्या पानाशी हसला. एकाच बाजूने हसू येतं त्याला. मी पुढे वाचत गेले. तुमचं अक्षर मोठं आणि ओळी लांब, पुढे काय येतंय ते मला दिसलं तेव्हा अर्धं वाक्य तोंडातून गेलं होतं. राहू दे, यापर्यंत मी वाचलं. तो म्हणाला, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून तो बोललेला नाही. दुसरं पाकीट मी फोडलं नाही.

हे दर बंदरावरून फोन करतात आणि एकच विचारतात, पोराने आधी का सांगितलं नाही. मी काही उत्तर दिलेलं नाही. आठ डिसेंबरला त्यांचं जहाज सिंगापूरला लागतंय, तिथून ते घरी येतील. त्यांना काय ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. हे पत्रही तुम्ही स्वतः त्यांच्या हातात द्या.

तब्येतीला जपा. औषधाच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात आहेत.
आपली,
स्मिता


॥ श्री ॥
जुरोंग ईस्ट
ता. १५ डिसेंबर १९९५

चि. प्रबोध यास आशीर्वाद.

तुझ्या आईला हे वाचावं वाटलं तर वाचेल. नाही तर नाही.

दिलीपला सांगितलं. जेवायच्या आधी सांगितलं. नंतर सांगितलं असतं तर निदान जेवला असता, बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्याने तुझं पत्र मागितलं. मी पोथीतून काढून दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं, लहान मूल वाचतं तसं. ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर मीही चार शब्द बोलले असते, मला येतं बोलायला. तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः केला. एक कप.

तो आता तुझ्याकडे यायला निघतोय, तिकीट मिळालं की लगेच. माझंही तिकीट काढलंय, मुंबईचं. पुढे वेंगुर्ल्याला, माझ्या धाकट्या भावाकडे, विश्वासकडे. परतीचं कधीचं ते मी विचारलं. दिलीप माझी बॅग बांधत होता, चांगली बांधतो, जहाजावरची सवय. बांधतच राहिला. विनीताबाई भेटायला आल्या होत्या. तुझी चौकशी केली, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. वल्लरीला विचारून कुठले व्यायाम करायचे ते कागदावर लिहून आणलं होतं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मी दिलीपला असं म्हणू शकले असते, की पुढच्या ओळी मला लागल्या नाहीत. तिसरी शिकलेली बाई, त्याने मानलं असतं. हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तुझं अक्षर चांगलं आहे, प्रबोध. उलटी, ओळी चालतात, मारतात ते खरं असतं, सगळं मला पहिल्याच वाचनात लागलं होतं.

लोभ मागत नाही. उरला असला तर असू दे.
तुझी आजी